नवसागर पाण्यात टाकला की पाणी गार का पडतं? एन्ट्रॉपी मोजायची तरी कुठे?

मृगजळ

नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड (कल्हईला लागतात तेच पांढरे खडे), पाण्यात विरघळवला की पाणी चांगलंच गार पडतं. विरघळताना तो मोलमागे (म्हणजे ५३.५ ग्रॅममागे) १४.८ किलोजूल उष्णता शोषून घेतो. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की गोष्टी उताराकडे जातात, ऊर्जा बाहेर टाकतात आणि निवांत बसतात. मग हा पठ्ठ्या आपणहून चढ कसा चढतो?

१२वीच्या पातळीवर उत्तर मिळतं की एन्ट्रॉपी वाढते, म्हणजे अव्यवस्था वाढते. ठीक. आता चुनखडी घ्या. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटला तर घनातून वायू तयार होतो, म्हणजे अव्यवस्था नवसागरापेक्षा दुपटीहून जास्त वाढायला हवी. तरी चुनखडीचा डोंगर जागचा हलत नाही. तिथे अव्यवस्थेचं घोडं कुठे पेंड खातं?

मुलांना आकड्यांनिशी सांगता येईल असं उत्तर हवंय. "निसर्गाला पसारा आवडतो" छापाची उत्तरं नकोत, ती पुष्कळ जमली आहेत.

खोडरबर

हॉस्टेलच्या खोलीचं उदाहरण कुणीतरी देणारच आहे, तर मीच देऊन टाकतो. झालं. आता जाणकारांनी बोलावं.

केल्व्हिनकाका

धागाकर्त्यांचा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. घोळ एवढाच की हिशेब अर्ध्याच वहीचा चाललाय. एन्ट्रॉपी दोन ठिकाणी मोजायची: क्रिया करणाऱ्या पदार्थांची एक आणि भोवतालच्या परिसराची दुसरी. उष्मागतिकीचा दुसरा नियम या दोघांच्या बेरजेबद्दल बोलतो, एकट्या भांड्याबद्दल नाही.

परिसराचा हिशेब सोपा आहे. त्याला जितकी उष्णता मिळाली किंवा त्याच्याकडून गेली, तिला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागायचं.

नवसागर, २९८ केल्व्हिनला (२५ अंश सेल्सिअस):
विरघळल्यावर पदार्थांची वाढ +७५ जूल प्रति केल्व्हिन. (कोष्टकातून, आयन म्हणजे प्रभार असलेला कण: अमोनियम आयन ११३.४, क्लोराइड आयन ५६.५, घन नवसागर ९४.६.)
परिसराकडून १४,८०० जूल गेले, भागिले २९८, म्हणजे −५०.
बेरीज +२५. विरघळतो.

चुनखडी, त्याच तापमानाला:
पदार्थांची वाढ +१६१.
परिसराकडून १,७८,३०० जूल गेले, भागिले २९८, म्हणजे −५९८.
बेरीज −४३७. डोंगर जागचा हलत नाही तो यामुळे.

आता तापमानाने भागायचं का? मे महिन्यात माणदेशात एक हंडा पाणी आणि जुलैत कोकणात एक हंडा पाणी. हंडा तोच, पण एकीकडे तो गेला तर घर अडतं, दुसरीकडे कुणाच्या लक्षातही येत नाही. उष्णतेचं तसंच. थंड परिसरातून १७८ किलोजूल काढून घेणं महाग पडतं, भट्टीतल्या ९०० अंशांच्या परिसरातून तेच काढणं स्वस्त. ११७३ केल्व्हिनला वरचा आकडा −५९८ वरून −१५२ वर येतो. पदार्थांचे +१६१ आहेतच. बेरीज +९. दगड फुटला.

गिब्जची मुक्त ऊर्जा म्हणजे हीच बेरीज, फक्त उणे तापमानाने गुणलेली: डेल्टा-जी = डेल्टा-एच − टी × डेल्टा-एस (एच म्हणजे शोषलेली उष्णता, टी तापमान, एस पदार्थांची एन्ट्रॉपी). परिसराकडे बघायची गरज पडू नये म्हणून केलेली सोय. सोयीमुळे मुलं परिसर विसरतात, हा तिचा तोटा.

मोलभाव

काकांना +१. एक खड्डा आत्ताच बुजवून ठेवतो. कोष्टकात डेल्टा-एच किलोजूलमध्ये असतो आणि एस जूलमध्ये. नवसागराला १४.८ − २९८ × ७५ असं करून उणे बावीस हजार तीनशे पस्तीस उत्तर काढणारे दरवर्षी निपजतात. ७५ ला आधी १००० ने भागा: १४.८ − २२.४ = −७.६ किलोजूल.

दुसरा खड्डा: मूलद्रव्यांची निर्मिती-उष्णता शून्य धरतात म्हणून एन्ट्रॉपीही शून्य धरणं. ऑक्सिजन वायूची २५ अंशांना २०५ आहे. परिपूर्ण स्फटिकाची शून्य होते ती केवलशून्य तापमानाला (० केल्व्हिन).

तिसरा: विद्रावातल्या काही आयनांची एन्ट्रॉपी ऋण दिसते. कॅल्शियम आयनची −५३. घाबरू नका. तिथे हायड्रोजन आयनला शून्य मानून बाकीच्यांची मोजणी केलेली असते, समुद्रसपाटीपासून उंची मोजावी तशी.

परीक्षानळी

"अव्यवस्था" हा शब्दच हद्दपार करा असं सुचवते. डोळ्यांना नीटनेटकं दिसणं आणि एन्ट्रॉपी कमी असणं यांचा काही संबंध नाही.

त्याऐवजी वाटण्या मोजायला लावा. ३ सारखे लाडू ३ मुलांमध्ये किती प्रकारे वाटता येतील? एकालाच तिन्ही, दोघांत २ आणि १, तिघांना एकेक: एकूण १० प्रकार. तेच ३ लाडू ६ मुलांमध्ये वाटले तर ५६ प्रकार. लाडू वाढले नाहीत, मुलं वाढली. लाडूंच्या जागी ऊर्जेचे पुंजके घाला आणि मुलांच्या जागी रेणूंना हलायला, फिरायला, कंप पावायला उपलब्ध असलेल्या पातळ्या. वायूला मोकळी जागा असल्याने पातळ्या इतक्या दाटीवाटीने असतात की वाटण्यांचा आकडा लिहायला कागद पुरत नाही, म्हणून त्याचा लॉग घ्यायचा. एस = के लॉग डब्ल्यू, डब्ल्यू म्हणजे वाटण्यांची संख्या. के (बोल्ट्झमनचा स्थिरांक) फक्त १.३८ गुणिले १० चा उणे २३वा घात आहे, त्यामुळे ७५ जूलसारखा साधा आकडा दिसला तरी त्यामागे वाटण्या अफाट असतात.

खोडरबर

म्हणजे वाटण्या जितक्या जास्त तितकी एन्ट्रॉपी जास्त. आमच्या गावच्या सातबाऱ्याला हे लागू पडतं. उताऱ्यावर ५६ नावं, जमीन तेवढीच.

परीक्षानळी

@खोडरबर, आणि एकदा वाटणी झाली की परत एकत्र होत नाही, तेही लागू पडतं :)

वाफाळता

छान चाललंय. म्हणजे नियम असा सांगता येईल ना, की क्षार विरघळला की स्फटिक मोडतो, आयन मोकळे होतात आणि पदार्थांची एन्ट्रॉपी नेहमी वाढते?

मोलभाव

"नेहमी" खोडा. कॅल्शियम क्लोराइड घ्या, पावसाळ्यात कपाटात ओल शोषायला ठेवतात ना डबा, त्यातलं. कोरडं कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पदार्थांची एन्ट्रॉपी सुमारे ४५ ने *कमी* होते. कॅल्शियमचा आयन छोटा आणि दुहेरी प्रभाराचा, तो भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून बसवतो. आयन मोकळे झाले, पण पाणी बांधलं गेलं. तरी ते झपाट्याने विरघळतं, कारण ८१ किलोजूल बाहेर पडतात आणि परिसर +२७३ कमावतो. हात पोळेल इतकं पाणी तापतं.

नवसागरात दोन्ही आयन मोठे आणि एकेरी प्रभाराचे, पाण्यावर पकड ढिली. म्हणून तिथे +७५ उरतात.

वाफाळता

अच्छा! म्हणजे पाण्यालाही हिशेबात घ्यायचं. नोंदलं.

चुनाभट्टी

केल्व्हिनकाकांचं उत्तर तत्त्वतः बरोबर, पण भट्टीच्या तोंडाशी उभं राहून थोडी दुरुस्ती. त्यांच्याच आकड्यांनी बेरीज शून्य होण्याचं तापमान काढा: १,७८,३०० भागिले १६१, म्हणजे ११०७ केल्व्हिन, सुमारे ८३५ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडचा दाब एक वातावरण व्हायला ९०० च्या आसपास जावं लागतं. हा ६०-६५ अंशांचा फरक कुठून आला? डेल्टा-एच आणि डेल्टा-एस हे २५ अंशांचे आकडे आपण तसेच वर नेले. तापमान चढतं तसे दोन्ही थोडे घटतात, एन्ट्रॉपी प्रमाणाने जास्त घटते. परीक्षेत २५ अंशांचे आकडे चालतात. भट्टी त्यावर चालवली तर मधोमध कच्चा दगड निघेल.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. ९०० हा आकडा भोवती निव्वळ कार्बन डायऑक्साइड कोंडला असेल तेव्हाचा. झोत चांगला असेल आणि वायू वाहून जात असेल तर दगड ८०० लाही सुटायला लागतो, कारण तिथे समतोलाचा दाब साधारण ०.२ वातावरण आहे आणि भट्टीतल्या वायूतला दाब त्याच्या खाली ठेवला की झालं. एन्ट्रॉपीच्या भाषेत: वायू विरळ केला की मोलमागे त्याला आणखी वाटण्या मिळतात. दाब एकपंचमांश झाला तर ८.३१४ × लॉग ५, म्हणजे जवळजवळ १३ जूल प्रति केल्व्हिनची भर. (८.३१४ हा वायू-स्थिरांक आर. लॉग नैसर्गिक घ्या, दहाच्या पायाचा नाही.)

म्हणून उभ्या भट्टीत दगड एकसारख्या आकाराचे भरतात. चुरा मिसळला तर फटी बुजतात, झोत मरतो, वायू कोंडतो आणि आतला दगड कच्चा राहतो. कच्चा ओळखायला विरलेल्या आम्लाचा थेंब टाका, फसफसला तर गाभ्यात कार्बोनेट आहे. उलट भीतीपोटी आग फार चढवली तर चुना "जळका" होतो: कण एकमेकांना चिकटून दाट होतात, पाणी लवकर पीत नाही आणि गिलाव्यात गेल्यावर महिन्यांनी फुगून टवके उडवतो. हा दोष समतोलाचा नाही, कणांच्या रचनेचा आणि वेगाचा आहे. एन्ट्रॉपीच्या गणितात तो दिसणार नाही.

आणि एक. १०० किलो शुद्ध चुनखडीतून जास्तीत जास्त ५६ किलो चुना. बाकी ४४ किलो आकाशात.

सुपारीफोड

अवांतर: सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्ट, त्यातून चुना निघत नाही. म्हणून कोकण-गोव्यात शिंपल्या भाजून चुना करत. शिंपलीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे वरचं सगळं गणित तिलाही लागू. विटकरी भिंतीत तोच चुना हवेतला वायू परत घेऊन दगड होतो ना? मग तिथे वायू नाहीसा होतोय, एन्ट्रॉपी कमी होतेय, हे कसं चालतं?

केल्व्हिनकाका

@सुपारीफोड, अजिबात अवांतर नाही. विरलेला (पाणी पाजलेला) चुना अधिक कार्बन डायऑक्साइड: पदार्थांची घट −१३४, पण ११३ किलोजूल बाहेर पडतात, परिसराला +३७९. बेरीज +२४५. एन्ट्रॉपी घटवणाऱ्या क्रिया सर्रास होतात, परिसराने भरपाई केली की झालं. भिंतीला ते व्हायला वर्षं लागतात, कारण वायूला ओलसर छिद्रांतून आत झिरपावं लागतं. बेरीज धन आहे यावरून क्रिया *किती वेगाने* होईल ते कळत नाही. हिऱ्याचं ग्रॅफाइट होण्याची बेरीजही धनच आहे, तरी कुणी दागिने विकायची घाई करत नाही.

तांब्याभांडं

नवसागरापासून धागा सुरू झालाय आणि कल्हईबद्दल कुणीच बोलेना, म्हणून लिहितो. तिथे हाच पदार्थ एन्ट्रॉपीचा दुसरा खेळ दाखवतो.

भांडं तापवून त्यावर नवसागराची पूड टाकली की दाट पांढरा धूर येतो. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. एका घनाचे दोन वायू, त्यामुळे पदार्थांची वाढ तब्बल +२८५. लागणारी उष्णता १७६ किलोजूल. १,७६,००० भागिले २८५ म्हणजे ६१८ केल्व्हिन, ३४५ अंश. नवसागर प्रत्यक्षात ३४० च्या आसपासच उडतो. चुनखडीसारखं फार चुकत नाही, कारण तापमान तितकं वर गेलेलं नसतं.

वर गेल्यावर वायू थंड होतात. २५ अंशांना उलटा हिशेब: पदार्थ −२८५, परिसर +५९०, बेरीज +३०५. दोन्ही वायू झटकन परत जुळतात, आणि जो पांढरा धूर दिसतो तो नवसागराचेच बारीक कण. धूर हा *परत आलेला* नवसागर आहे हे मुलांना सांगा, विसरणार नाहीत.

कल्हईत उपयोग मधल्या टप्प्याचा. सुटलेलं आम्ल तांब्यावरचा काळा ऑक्साइड खाऊन टाकतं आणि उघड्या धातूला कथील धरतं. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं त्याहून जेमतेम वर असेल तर नवसागर आळसावतो, फार तापवलं तर कथिलाचाच ऑक्साइड होतो आणि भांडं पिवळट, डागाळलेलं निघतं. मधली जागा पकडणं हेच कसब.

मृगजळ

वा! एकाच पदार्थात तिन्ही गोष्टी. आता खताचं सांगा कुणीतरी. अमोनिया बनवताना ४ मोल वायूचे २ मोल होतात, म्हणजे एन्ट्रॉपी घटते. मग तापमान कमी ठेवायला हवं ना? थळचा असो की आणखी कुठला, अमोनियाचा संयंत्र तर ४०० ते ५०० अंशांवर चालतो.

मोलभाव

नायट्रोजन अधिक तीन हायड्रोजन: पदार्थ −१९९, बाहेर पडणारी उष्णता ९२ किलोजूल.
२५ अंशांना परिसर +३०९, बेरीज +११०. मस्त. पण नायट्रोजनचा तिहेरी बंध सुटत नाही, क्रिया झोपलेली.
४५० अंशांना (७२३ केल्व्हिन) परिसर फक्त +१२८, बेरीज −७१. क्रिया जागी झाली, पण उलट दिशेने जायला बघते.

लोहाचा उत्प्रेरक इथे फक्त वेग देतो, बेरजेतला एक जूलही बदलत नाही. हे अधोरेखित करा. बेरीज बदलतो तो दाब. ढोबळमानाने प्रत्येक वायूचा दाब २०० वातावरण धरा: मोलमागे ८.३१४ × लॉग २००, म्हणजे ४४ ची कपात. क्रियेपूर्वी ४ मोल दाबलेले, नंतर २, म्हणजे घट २ × ४४ = ८८ ने कमी भरते. −७१ + ८८ = +१७. गाडी परत सुलटी. चुनाभट्टी यांनी वायू विरळ करून तराजू झुकवला, इथे कोंबून झुकवलाय. तरी एका फेरीत सगळा वायू बदलत नाही. अमोनिया गार करून काढून घ्यायचा आणि उरलेला परत फिरवायचा.

खोडरबर

माझ्या नावाला जागून: एक रुंद रबरबँड ओठांना टेकवून झटकन ताणा, गरम लागेल. ताणलेलाच थोडा वेळ धरून मग सैल सोडा आणि परत टेकवा, गार लागेल. ताणल्यावर लांब साखळ्या सरळ होतात, वाकायचे प्रकार उरत नाहीत, एन्ट्रॉपी घटते. ताणलेल्या रबराला वजन टांगून केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडली तर वजन *वर* उचललं जातं. तार असती तर खाली आली असती. (फार जवळून तापवलं की रबर मऊ पडून निकाल उलटा येतो. हाताचं अंतर ठेवा.)

बघा, मीही कामाचं बोलू शकतो.

परीक्षानळी

वर्गात करायचा असेल तर नवसागराचा प्रयोग असा:

१०० मिलिलिटर पाणी थर्मोकोलच्या कपात घ्या आणि तापमान लिहा. ३० ग्रॅम नवसागर *बारीक पूड करून* एकदम ओता, काचेच्या कांडीने मिनिटभर ढवळा, सर्वांत खालचं तापमान टिपा. कागदावर: ३० ग्रॅम म्हणजे ०.५६ मोल, गुणिले १४.८, म्हणजे ८.३ किलोजूल. ते १०० ग्रॅम पाण्यातून गेले तर घट जवळजवळ २० अंश. हाती १५ ते १८ लागते, कारण मीठ आणि कपही थोडी उष्णता देतात आणि हवाही आत शिरते.

घट १० च्या आत राहिली तर बहुधा खडे तसेच टाकलेले असतात. ते हळूहळू विरघळतात आणि तोवर खोली पाण्याला गरम करत राहते. स्टीलच्या पेल्यातही तेच. तांब्या-पितळेचं भांडं नकोच, नवसागर ते खातो. आणि त्याच कपात चुना पडू देऊ नका, अमोनियाने वर्ग रिकामा होईल. प्रयोगानंतर पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवा, नवसागर परत मिळतो.

बेरियम हायड्रॉक्साइडच्या स्फटिकांत नवसागर घोटून भांडं ओल्या फळीला गोठवण्याचा प्रयोग (३२ ग्रॅमला ११ ग्रॅम) दिसायला जास्त भारी: दोन घन ढवळले की ओला लगदा होतो आणि तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. एन्ट्रॉपीही भरपूर, ३ मोल घनातून ८ मोल पाणी आणि २ मोल अमोनिया. पण बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. मुलांच्या हातात देऊ नका, दाखवायचाच तर खिडकीशी आणि हातमोजे घालून.

वाफाळता

एक शंका राहिली. नवसागराची बेरीज +२५ आहे, तर तो अखंड विरघळत का नाही? ४० ग्रॅमच्या आसपास १०० ग्रॅम पाण्यात थांबतोच की.

मोलभाव

कारण +२५ हा आकडा प्रमाणित स्थितीचा आहे, विद्राव किलोमागे १ मोलचा. जसजसा विद्राव दाट होतो तसतशी नव्या आयनाला मिळणारी मोकळीक घटते आणि बेरीज शून्याकडे सरकते. शून्य झाली की तो संपृक्त.

कुठे होते ते काढता येतं. −७.६ किलोजूलला २.४८ ने भागा (ते आर × टी), आलं ३.०७, ई चा तितका घात म्हणजे साधारण २१.५. अमोनियम आणि क्लोराइड सारखेच, म्हणून वर्गमूळ: ४.६ मोल प्रति किलो पाणी, १०० ग्रॅमला २५ ग्रॅम. खरा आकडा २५ अंशांना ३९ च्या घरात. कारण इतक्या गर्दीत आयन एकमेकांना ओढत असतात, नावाला ७.३ मोल असले तरी वागतात त्याहून बरेच कमी असल्यासारखे. तो सुधारणेचा गुणक १२वीत नसतो, म्हणून हे उदाहरण परीक्षेत कधी येत नाही.

चुनाभट्टी

आणि विरघळणं उष्णता शोषणारं, म्हणून पाणी तापवलं की जास्त मावतो. १०० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ७५ ग्रॅमच्या वर. गरम संपृक्त विद्राव दोरा सोडून हळू गार केला तर नेच्याच्या पानांसारखे स्फटिक लागतात. भराभर गार केला तर नुसता भुगा.

मृगजळ

वाचनखूण साठवली. दोन वह्यांची मांडणी उद्याच्या तासाला वापरते. फक्त @परीक्षानळी, ३० ग्रॅम पूड करायची तर खलबत्ता दगडी चालेल की पितळीच हवा?

तांब्याभांडं

दगडी! पितळीचं वर सांगितलंय ना. आणि नंतर त्यात शेंगदाण्याचं कूट करू नका.